‘अप्पर वरळी’ कोठे आहे? : गिरणगावातील घरांच्या जाहिराती, वृत्तपत्रे आणि ग्राहक

ग्राहकोपयोगी वस्तूंच्या जाहिरातींची चर्चा निघाली की साबण, टूथपेस्ट, शीतपेये आणि भ्रमणध्वनी हीच उदाहरणे पुढे येतात. वर्गात जाहिरातीचे विश्लेषण शिकवताना आपण प्राध्यापक मंडळीही बहुधा गोरेपणाच्या मलमाचे उदाहरण घेतो. ते सोयीचे असते. विद्यार्थी हसतात आणि मुद्दा पटतो. परंतु मलमाने फसवले तर शे-दीडशे रुपये जातात. ज्या वस्तूच्या खरेदीसाठी मनुष्य वीस वर्षांचे कर्ज काढतो, आईचे दागिने मोडतो आणि भविष्य निर्वाह निधी रिकामा करतो, त्या वस्तूच्या जाहिरातीकडे आपण क्वचितच तितक्या चिकित्सक दृष्टीने पाहतो. ती वस्तू म्हणजे घर. कायद्याच्या दृष्टीनेही घर ग्राहक-व्यवहाराबाहेर नाही. १९९३ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘सेवा’ या संज्ञेत गृहबांधणीचा समावेश झाला आणि त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहबांधणी ही ‘सेवा’ असल्याचा निर्वाळा दिला.

प्रस्तुत लेखात परळ, लालबाग, लोअर परळ व वरळी या परिसरातील, म्हणजेच एकेकाळच्या गिरणगावातील घरांच्या जाहिरातींचा विचार केला आहे. हा परिसर निवडण्याचे कारण उघड आहे. सुमारे ६०० एकर गिरणी-जमीन, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ क्रमांकाचा नियम, त्यात २००१ साली झालेला बदल आणि तो बदल ग्राह्य धरणारा सर्वोच्च न्यायालयाचा ७ मार्च २००६ चा निकाल, ही साखळी वाचकांना परिचित आहे. मूळ नियमानुसार जमिनीचा एकेक तृतीयांश हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि मालकाला मिळावयाचा होता. बदलानंतर ही वाटणी केवळ मूळच्या रिकाम्या जमिनीपुरती उरली. त्यानंतर या भागात जे उभे राहिले त्याची चर्चा नगररचनेच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. ते विकले कसे गेले, कोणत्या शब्दांत विकले गेले आणि ते शब्द छापणाऱ्यांचे त्यात काय होते, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला.

नावाची विक्री

मुंबईच्या कोणत्याही शासकीय नकाशात ‘अप्पर वरळी’ नावाचा विभाग नाही. ‘अप्पर परळ’ही नाही. वडाळ्याला ‘न्यू कफ परेड’ म्हणावे असा निर्णय कोणत्याही सभागृहाने घेतलेला नाही. तरीही ही तीनही नावे गेल्या दोन दशकांत घरांच्या जाहिरातींतून अवतरली, फलकांवर चढली आणि आता पत्ता विचारणाऱ्याच्या तोंडीही ऐकू येतात. ज्याला ‘अप्पर वरळी’ म्हटले जाते तो भाग पाहू गेल्यास गिरणी कामगार ज्याला डिलाईल रोड किंवा लोअर परळ म्हणत असे, तोच निघतो.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, सार्वजनिक नाव बदलणे हे आपल्याकडे मोठे दगदगीचे काम आहे. पश्चिम रेल्वेवरील एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे ‘प्रभादेवी’ होण्यासाठी वर्षानुवर्षे मागणी करावी लागली; जुलै २०१८ मध्ये ते प्रत्यक्षात आले. करी रोडचे ‘लालबाग’, चर्नी रोडचे ‘गिरगाव’, कॉटन ग्रीनचे ‘काळाचौकी’ व्हावे यासाठी २०२४ मध्ये आधी राज्य मंत्रिमंडळाने प्रस्ताव मंजूर केला, नंतर विधिमंडळाने ठराव केला आणि मग तो केंद्राकडे गेला. लोकांच्या तोंडी शंभर वर्षे असलेले ‘लालबाग’ हे नाव स्थानकाच्या पाटीवर आणण्यासाठी एवढी पायपीट. आणि कोणाच्याही तोंडी नसलेले ‘अप्पर वरळी’ मात्र एका जाहिरात संस्थेच्या बैठकीतून थेट पहिल्या पानावर!

नव्या नावाचा हेतू केवळ शोभेचा नसतो. वरळी म्हणजे समुद्र, कफ परेड म्हणजे जुनी श्रीमंती, ही समीकरणे ग्राहकाच्या मनात आधीच असतात आणि प्रति चौरस फूट दर त्या समीकरणांवर चढतो. याउलट परळ-लालबाग म्हटले की भोंगा, खानावळ, चाळ, गणेशोत्सवाची गर्दी आणि संप आठवतो. जाहिरातीला हा इतिहास पुसावयाचा असतो. खरे पाहता परळला प्रतिष्ठेसाठी ‘अप्पर’ची मुळीच गरज नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मुंबईच्या गव्हर्नरचे निवासस्थान परळलाच होते. त्या वास्तूत १८९९ पासून प्लेग संशोधन प्रयोगशाळा आली, तीच आजची हाफकिन संस्था. परंतु हा इतिहास सांगण्यासाठी तो माहीत असावा लागतो.

नावाची ही हातचलाखी कागदपत्रांच्या पातळीवर मात्र टिकत नाही. मुंबई शहराच्या भूमापनात मिळकती ‘लोअर परळ विभाग’, ‘परळ-शिवडी विभाग’, ‘वरळी विभाग’ अशाच नोंदलेल्या असतात. खरेदीखताची नोंदणी होते तेव्हा ‘सूची क्रमांक २’ मध्ये विभाग म्हणून जुनेच नाव येते. म्हणजे ग्राहक जे नाव पाहून पैसे मोजतो ते नाव त्याच्या मालकीच्या दाखल्यावर कोठेही नसते. महापालिकेच्या लेखी तो ‘एफ दक्षिण’ किंवा ‘जी दक्षिण’ विभागाचा रहिवासी असतो आणि त्याचे पाणी, कचरा व मालमत्ता कर यांचा व्यवहार तेथूनच चालतो.

क्षेत्रफळाचा हिशेब

नावानंतर येते माप. घराच्या मापासाठी मराठीत ‘चटई क्षेत्र’ हा शब्द रूढ झाला आहे. ज्या जमिनीवर चटई अंथरता येते तेवढी जागा, असा त्याचा सरळ अर्थ. गिरणगावात हा शब्द अलंकारिक नव्हता. बी. डी. डी. चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. रात्रपाळीचा एक उठला की दिवसपाळीचा दुसरा त्याच जागी आडवा होत असे आणि उरलेल्यांच्या चटया व्हरांड्यात पडत. जागा किती, हे तेथे प्रत्येकाला अंगानेच ठाऊक होते.

जाहिरातीतील क्षेत्रफळ या अनुभवापासून फार दूर गेले. भिंतींची जाडी धरून ‘बिल्ट-अप’, त्यावर जिना, उद्वाहन, प्रवेशकक्ष, व्यायामशाळा, तरणतलाव यांचा वाटा चढवून ‘सुपर बिल्ट-अप’ अशी एकावर एक मापे रचली गेली. या वाढीला बाजारात ‘लोडिंग’ म्हणतात. (ट्रकवर माल चढवण्याचा शब्द घरासाठी वापरला जावा, यात एक अजाण प्रामाणिकपणा आहे.) एक कल्पित उदाहरण घेऊ. जाहिरातीत घर १,००० चौरस फुटांचे आणि दर चौरस फुटाला २५,००० रुपये आहे. म्हणजे किंमत अडीच कोटी. प्रत्यक्ष चटई क्षेत्र ६०० चौरस फूट आहे. विक्रेता सांगतो की लोडिंग ४० टक्के आहे, कारण १,००० पैकी ४०० फूट म्हणजे ४० टक्के. परंतु ग्राहकाला मिळणाऱ्या ६०० फुटांच्या तुलनेत हेच ४०० फूट जवळपास ६७ टक्के होतात. टक्केवारी कशाची काढली हे न सांगितल्याने एकच वाढ निम्म्याहून कमी किंवा निम्म्याहून खूप जास्त भासते. राहण्याजोग्या जागेचा खरा दर निघतो तो सुमारे ४१,६६७ रुपये. चौथी-पाचवीच्या गणितापलीकडचे यात काही नाही. तथापि जाहिरात ग्राहकाला ते गणित करण्यास लागणारा दुसरा आकडाच देत नसे.

महाराष्ट्रातील १९६३ च्या सदनिका मालकी कायद्यात २००८ मध्ये दुरुस्ती होऊन विक्री चटई क्षेत्रावरच करण्याचे बंधन आले. तरीही ‘सुपर बिल्ट-अप’ जाहिरातींतून हटले नाही. १ मे २०१७ पासून स्थावर संपदा कायदा, म्हणजेच ‘रेरा’, पूर्णतः लागू झाल्यानंतर स्थिती पुष्कळ सुधारली, हे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. या कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या देशभर एक केली. बाहेरच्या भिंती, सामाईक वाहिन्यांची जागा, सदनिकेची खास बाल्कनी आणि गच्ची वगळून उरणारी वापरण्याजोगी जागा म्हणजे चटई क्षेत्र. घराच्या आतील विभाजक भिंती मात्र त्यात धरल्या जातात. या व्याख्येनंतर बाजाराने काय करावे? ‘रेरा कार्पेट’ या शब्दाशेजारी ‘यूजेबल कार्पेट’ हा नवा शब्द आणून बसवला आणि कायद्याने वगळलेली बाल्कनी त्यातून पुन्हा आत घेतली. कायदा शब्दाची व्याख्या करतो. जाहिरात त्याच्या शेजारी व्याख्या नसलेला दुसरा शब्द उभा करते.

या मापांच्या शेजारी आणखी दोन मापे ठेवावीशी वाटतात. २०१२ च्या जूनमध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी पहिली मोठी सोडत काढली. ती ६,९२५ घरांची होती, अर्जदार लाखाहून अधिक होते आणि घर होते २२५ चौरस फुटांचे. बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासात १६० फुटांच्या बदल्यात ५०० फूट चटई क्षेत्र देण्याचे ठरले. या दोन्ही ठिकाणी ‘सुपर बिल्ट-अप’ची भाषा कोणी केली नाही. ज्याला घर हक्काने द्यावयाचे त्याच्याशी चटईने बोलावयाचे आणि ज्याला विकावयाचे त्याच्याशी जिन्यासकट बोलावयाचे, असा हा भाषाभेद आहे.

‘पाच मिनिटांच्या अंतरावर’

जाहिरातीतील अंतरे मिनिटांत असतात, मीटरमध्ये नसतात. मीटर मोजता येतात. मिनिटे कोणत्या वेळची हे सांगावे लागत नाही. लोअर परळचा डिलाईल पूल जुलै २०१८ मध्ये बंद झाला आणि पूर्णपणे खुला होण्यास नोव्हेंबर २०२३ उजाडला. त्या पाच वर्षांत पूर्व-पश्चिम जाणाऱ्या माणसाची मिनिटे किती झाली, हे करी रोडला उतरून वरळी नाक्याकडे चालत गेलेल्या कोणालाही विचारावे.

जाहिरातीच्या चित्रात रेल्वे स्थानक केवळ एक ठिपका असतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड व परळ स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर पावसाच्या वेळी चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे मृत्यू पावली. गिरण्यांच्या जागी कार्यालये आली, त्यांच्याबरोबर रोज उपनगरांतून येणारा नोकरदार वर्ग आला; पूल मात्र जुनाच होता. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा अंत झाला. या दोन्ही घटनांच्या बातम्या वृत्तपत्रांनी सविस्तर आणि संतापाने दिल्या, हे खरे आहे. परंतु दुर्घटनेपूर्वीच्या वर्षांत परिसराचे जे चित्र वाचकांसमोर येत होते ते मुख्यतः मालमत्ता पुरवण्यांचे होते, आणि त्या चित्रात पूल नव्हता.

पान कोणाचे?

येथे वृत्तपत्रांचा प्रश्न येतो. वृत्तपत्राने जाहिरात घेऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. लंडनच्या ‘टाइम्स’चे पहिले पान १९६६ पर्यंत जाहिरातींनीच भरलेले असे आणि त्यामुळे त्याच्या पत्रकारितेला कोणी कमी लेखले नाही. त्या पानावर काय आहे हे वाचकाला स्वच्छ दिसत होते. बातमी आणि जाहिरात यांच्यातील रेघ दिसेनाशी होणे, ही अडचण आहे.

मुंबईत ही रेघ पुसट होण्याचे दोन टप्पे सांगता येतील. बोरीबंदरच्या ‘टाइम्स’ समूहाने २००३ च्या सुमारास ‘मीडियानेट’ या व्यवस्थेद्वारे विशिष्ट पुरवण्यांतील मजकुरासाठी मोबदला घेण्यास प्रारंभ केला. त्यानंतर २००५ मध्ये त्याच समूहाने ‘प्रायव्हेट ट्रीटीज’ नावाची योजना आणली. तिचे स्वरूप असे : एखाद्या कंपनीकडे जाहिरातीसाठी रोख पैसा नसेल तर तिने आपले समभाग द्यावेत आणि त्या बदल्यात वृत्तपत्राने जाहिरातीची जागा द्यावी. अशा करारांत गृहबांधणी क्षेत्रातील कंपन्याही होत्या. योजना यशस्वी ठरली आणि इतर माध्यमसंस्थांनीही तिचा कित्ता गिरवला.

या व्यवहारात बेकायदा काही नव्हते. तथापि त्याचा तर्क नीट पाहावा. साध्या जाहिरातदाराचे पैसे एकदा मिळाले की वृत्तपत्राचा त्याच्या नफ्या-तोट्याशी संबंध उरत नाही. समभाग घेतल्यावर मात्र वृत्तपत्र त्या कंपनीचे अंशतः मालक होते. कंपनीची प्रतिष्ठा वाढली तर वृत्तपत्राची मालमत्ता वाढते आणि प्रतिकूल बातमी आली तर घटते. कोणत्या बातमीदाराने कोणत्या दिवशी हात आखडता घेतला, हे दाखवून देणे जवळजवळ अशक्य असते आणि तसा आरोप येथे करावयाचाही नाही. वाचकाला हे नाते माहीत नव्हते, एवढीच तक्रार पुरेशी आहे. बाजार नियामक ‘सेबी’ने २००९ मध्ये याच मुद्द्यावर भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे चिंता व्यक्त केली आणि ऑगस्ट २०१० मध्ये, अशा कंपनीविषयी बातमी देताना माध्यमसंस्थेने आपला हिस्सा उघड करणे बंधनकारक असल्याचे जाहीर झाले. वर्षांचा मेळ पाहा : २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचे मोठे लिलाव झाले, २००६ मध्ये न्यायालयाचा निकाल लागला आणि जमिनीवर मनोरे चढू लागले, हितसंबंध उघड करण्याची सक्ती आली ती २०१० मध्ये. मधली पाच वर्षे घर घेणाऱ्याने वृत्तपत्र वाचले ते अंधारातच.

पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न चव्हाट्यावर आला तो घरांमुळे नव्हे, तर २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीमुळे. प्रतिस्पर्धी मराठी दैनिकांत एकच मजकूर शब्दशः छापून आल्याचे पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. वृत्तपत्र परिषदेने नेमलेल्या परंजॉय गुहा ठाकुरता व के. श्रीनिवास रेड्डी यांच्या उपसमितीने २०१० मध्ये सविस्तर अहवाल दिला. परिषदेने मात्र आधी त्याचा संक्षेपच प्रसिद्ध केला. पूर्ण अहवाल लोकांसमोर येण्यासाठी केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला आणि त्यास २०११ उजाडले. माध्यमांविषयीची माहिती माध्यमांच्याच परिषदेकडून माहितीच्या अधिकाराने काढावी लागावी, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

आता जाहिरात कागदावरून पडद्यावर सरकली आहे. मालमत्ताविषयक संकेतस्थळांवर घरांचा क्रम पैसे देऊन वर नेता येतो आणि ‘प्रायोजित’ हा शब्द तेथे इतक्या फिकट अक्षरांत असतो की चष्मा बदलावासा वाटतो. समाजमाध्यमांवर एखादी प्रसन्न तरुणी घर ‘सहज’ पाहावयास जाते. तिने मोबदला घेतला असल्यास तसे स्पष्ट सांगावे, असे जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये ठरवून दिले. परंतु १९८५ साली मुंबईत स्थापन झालेली ही परिषद जाहिरात उद्योगानेच चालवलेली आहे आणि दंड करण्याचा अधिकार तिला नाही. दंडाचा अधिकार आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आलेल्या केंद्रीय प्राधिकरणाला : दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्रथम १० लाख आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत. खुलाशाची ओळ मूळ दाव्याच्याच भाषेत आणि सहज दिसेल अशी असावी, असे २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मराठी दैनिकातील मराठी जाहिरातीखालची इंग्रजी मुंगीअक्षरे आठवली की या तत्त्वाचे मोल कळते.

जाहिरात जपून ठेवणे

‘रेरा’नुसार प्रत्येक जाहिरातीत प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक व संकेतस्थळाचा पत्ता असावा लागतो, महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे. तो भ्रमणध्वनीने टिपला की प्रकल्पाचे मंजूर नकाशे, ताबा देण्याची तारीख आणि प्रलंबित खटले समोर येतात. पदवीच्या विद्यार्थ्यांना मी हाच स्वाध्याय देतो. एक पूर्ण पानाची जाहिरात घ्यावी आणि तीतील नाव, माप, अंतर व तारीख या चार गोष्टी ‘महारेरा’च्या नोंदीशी ताडून पाहाव्यात. यास एक तास पुरतो. लालबागचा एक विद्यार्थी गेल्या वर्षी म्हणाला, “सर, जाहिरातीत आमच्या गल्लीचं नावच नाही, पण नोंदीत आहे.”

कायद्याचे १२ वे कलम याहून महत्त्वाचे आहे आणि ते फारच थोड्यांना माहीत असते. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांतील चुकीच्या विधानावर विसंबून ज्याने पैसे भरले व ज्याचे त्यामुळे नुकसान झाले, त्याला भरपाई मागता येते; व्यवहारातून बाहेर पडावयाचे असल्यास भरलेली सर्व रक्कम व्याजासह परत मागता येते. विक्रेत्यांनाही हे ठाऊक असते. म्हणूनच करारनाम्यात सहसा असे एक कलम असते की, पूर्वी जे काही सांगितले वा दाखवले गेले असेल ते सर्व या कराराने निकालात निघाले आहे. त्याविरुद्ध उभे राहावयाचे तर मूळ जाहिरात हातात असावी लागते. संकेतस्थळावरचे चित्र काही महिन्यांत बदलते. छापील पत्रक बदलत नाही.

माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षिकेने परळ भागात घर नोंदवले तेव्हा माहितीपत्रकात मुलांसाठी बाग होती. ताबा मिळाला तेव्हा तेथे वाहनतळ होता. वकिलांनी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो माहितीपत्रकाचा. ते गुळगुळीत, जाड कागदाचे पुस्तक त्यांनी दोन वर्षे जपले होते आणि घर हलवताना वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर रद्दीवाल्याला दिले होते. रद्दीवाल्याने ते परत दिले असते. पण तोवर तो दुकान मोडून गावी गेला होता.